देवगिरीचा कडा कोणी तासला?

देवगिरीबद्दल आपल्याला लहानपणापासून दोन गोष्टी ठाऊक असतात. धान्याची समजून गडावर चढवलेली पोती फोडली तर आत मीठ निघाले आणि रामदेवराय शरण गेला, ही पहिली. महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी उचलून इथे आणली आणि पुन्हा दिल्लीला नेली, ही दुसरी. या दोन गोष्टींच्या आधी, मध्ये आणि नंतर जवळजवळ सहाशे वर्षे हा किल्ला घडत, पडत आणि पुन्हा घडत राहिला. त्या घडण्याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. मराठीत किल्ल्यांवर उदंड लिहिले जाते, पण ते बहुतेक सह्याद्रीचे असते. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या लष्करी दुर्गरचनेतले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत देवगिरी नाही. ते योग्यच आहे, कारण त्याची गोष्ट निराळी आहे. यादव, खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही अशा सगळ्यांनी त्या एकाच डोंगरावर आपापले हात चालवले. म्हणूनच त्याच्याबद्दलचा सगळ्यांत मूलभूत प्रश्न अजून चर्चेत आहे: यातले कोणी काय केले? डोंगराचा कडा तासून भिंतीसारखा सरळ कोणी केला, खंदक कोणी खोदला, अंधारी कोणी कोरली?

प्रश्नाचे मोल कळायला किल्ला डोळ्यांसमोर हवा. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागले की पंधरा-सोळा किलोमीटरवर सपाटीतून एकटाच वर आलेला निमुळता डोंगर दिसतो. उंची सुमारे दोनशे मीटर. सह्याद्रीच्या मानाने ही उंची काहीच नाही. पण डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी उभा तासून काढला आहे. पावसापाण्याने झिजलेल्या कड्याला फटी असतात, झुडपे असतात, पाय ठेवायला खाच असते. इथे तसले काही नाही. तासलेल्या कड्याच्या पायथ्याशी त्याच खडकात खोदलेला खंदक आहे. खंदकावरून एका अरुंद पुलावरून पलीकडे गेले की डोंगराच्या पोटात शिरणारा काळोखा बोगदा लागतो. ती अंधारी. लोक तिला भुलभुलैयाही म्हणतात. तिच्यातून वर निघाल्याशिवाय बालेकिल्ल्यावर जाता येत नाही.

डोंगराखाली तीन तटबंद्या आहेत. सगळ्यांत बाहेरचा अंबरकोट, त्याच्या आत महाकोट आणि डोंगराला बिलगून काळाकोट. अंबरकोटाच्या पोटात पूर्वी अख्खे शहर होते. आज तिथे गाव आहे, शेते आहेत, आणि जुन्या दिल्ली दरवाजातून वेरूळ-खुलताबादला जाणारी वाहने ये-जा करतात. पर्यटक महाकोटापासून पुढेच किल्ला समजतात, ही पहिली चूक. अंबरकोट वगळला तर देवगिरी नुसता किल्ला उरतो. मुळात ते शहर होते आणि किल्ला त्या शहराचा शेवटचा आसरा होता.

देवगिरी वसवणाऱ्याचे नाव आपल्याला हेमाद्रीकडून कळते. आपण ज्याला हेमाडपंत म्हणतो तोच हा. महादेव आणि रामचंद्र (म्हणजेच रामदेवराय) या यादव राजांच्या दरबारात तो श्रीकरणाधिप होता. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त यादवांची राजप्रशस्ती येते आणि तिच्यानुसार पाचव्या भिल्लमाने देवगिरी वसवली. हा काळ इ.स. ११८७च्या आसपासचा. तोपर्यंत यादवांचे बस्तान सिन्नर परिसरात होते. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता मोडकळीला आली, तेव्हा भिल्लमाने स्वतंत्र राज्य मांडले आणि राजधानी गोदावरीच्या खोऱ्यात, व्यापारी वाटांच्या जवळ आणली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या शहराने मराठी भाषेला आणि विद्येला जे दिले त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला, चक्रधरांच्या लीळांत या राज्याचे रोजचे जगणे उमटले, आणि ज्ञानदेवांनी आपल्या ग्रंथाच्या शेवटी रामचंद्र राजाचा उल्लेख केला.

पण या वैभवशाली राजधानीची तटबंदी कशी होती? यादवकालीन म्हणून ठामपणे बोट ठेवावे असे किल्ल्यात फार थोडे उरले आहे. मंदिरांचे खांब आहेत, पण ते मशिदीत आहेत. डोंगराच्या पोटात कोरलेली जुनी लेणी आहेत. बाकी सगळे नंतरच्या बांधकामांखाली गेले. त्यामुळे कड्याचे आणि खंदकाचे श्रेय यादवांना द्यायचे, तर युक्तिवाद आडवाटेने करावा लागतो.

तो युक्तिवाद कच्चा नाही. देवगिरीपासून वेरूळ जवळच आहे. खडक तोच, दख्खनचा काळा बेसाल्ट. आठव्या शतकात कैलास लेणे वरून खाली कोरत नेणाऱ्या कारागिरांना डोंगर उभा कापायचे तंत्र पुरते अवगत होते. ही विद्या यादवांच्या काळापर्यंत मेली असेल, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर आहे. वेरूळच्या जैन लेण्यांवरच्या डोंगरात पार्श्वनाथाची भव्य मूर्ती आहे आणि तिच्यावर शके ११५६चा, म्हणजे इ.स. १२३४-३५चा लेख आहे. देवगिरीत सिंघण राज्य करत होता, तेव्हा जवळच्याच डोंगरात माणसे अजून खडक कोरत होती. कडा तासायला लागणारे हात, हत्यारे आणि अनुभव यादवांच्या दाराशी होते, हे यातून नक्की ठरते. त्यांनी ते काम करून घेतले, हे मात्र यातून ठरत नाही.

आता १२९६चा प्रसंग पाहू. कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन काही हजार घोडदळ घेऊन एलिचपूरमार्गे अचानक देवगिरीवर आला. दिल्लीच्या सुलतानालाही, म्हणजे आपल्या चुलत्याला, त्याने या स्वारीचा पत्ता लागू दिला नव्हता. रामचंद्राचे मुख्य सैन्य युवराजाबरोबर दूर गेले होते. शहर लुटले गेले, राजा गडावर चढला आणि थोड्याच दिवसांत तहाला तयार झाला. मिठाच्या पोत्यांची गोष्ट आपल्याला सांगतो तो फिरिश्ता, आणि तो या घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातला लष्करी तपशील विचार करण्यासारखा आहे. गड कोणी चढून घेतला नाही. राजा वेढ्याला तयार नव्हता आणि खालच्या शहराला आक्रमकाला रोखून धरता आले नाही. पराभवाची कारणे कोठारात आणि गाफीलपणात होती.

रामचंद्र मांडलिक झाला. खंडणी थकली तेव्हा १३०७च्या सुमारास मलिक काफूर आला, राजाला दिल्लीला घेऊन गेला, आणि अलाउद्दीनने त्याला रायरायान हा किताब देऊन परत पाठवले. यानंतरच्या काफूरच्या दक्षिण स्वाऱ्यांना देवगिरीहूनच रसद मिळाली. रामचंद्रानंतर शंकरदेवाने आणि पुढे जावई हरपालदेवाने डोके वर काढले. १३१८मध्ये कुत्बुद्दीन मुबारकशाह खिलजीने हरपालदेवाला क्रूरपणे मारले आणि यादव राज्य संपले. त्याच सुमारास महाकोटात जामी मशीद उभी राहिली. आज आपण तिला भारतमाता मंदिर म्हणून ओळखतो, कारण १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. आत उभे राहिले की कोरीव खांबांचे वन दिसते आणि ते मंदिरांचे आहे हे पाहताक्षणी कळते. यादव देवगिरी पाहायची असेल तर याच खांबांकडे नीट पाहावे. एकाच वास्तूत मंदिर, मशीद आणि पुन्हा मंदिर असा प्रवास दिसतो, आणि तिन्ही थर डोळे उघडे ठेवून वाचण्याइतके आपण मोठे व्हायला हवे असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर तुघलक. १३२७च्या सुमारास त्याने देवगिरीला दौलताबाद करून दुसरी राजधानी केली. वेडा महंमद ही प्रतिमा मुख्यतः बरनी आणि इसामी या समकालीन इतिहासकारांनी रंगवली. दोघांचाही त्याच्यावर राग होता, आणि इसामीच्या रागाला कारण होते. त्याच्या नव्वदीतल्या आजोबांना दिल्ली सोडायला लावले आणि ते पहिल्याच मुक्कामावर, तिलपतला वारले. कोवळ्या वयाचा इसामी पुढे दौलताबादला आला, तिथेच वाढला आणि १३५०मध्ये बहमनी सुलतानाच्या आश्रयाने त्याने आपला इतिहास पद्यात लिहिला. आधुनिक इतिहासकारांनी या लेखकांची साक्ष तपासून जे चित्र उभे केले आहे ते अधिक समंजस आहे: दिल्ली पूर्ण ओस पडली नव्हती, दरबारी, उलेमा, सूफी आणि सरदारांची घराणी मोठ्या संख्येने हलवली गेली, आणि हेतू दख्खन ताब्यात ठेवण्याचा होता. दौलताबादेत टांकसाळ होती. सूफींच्या वस्तीतून पुढे खुलताबाद पवित्र स्थान झाले. बुऱ्हानुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्जी तिथेच चिरविश्रांती घेत आहेत. जवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनवण्याची परंपराही लोक त्याच काळाशी जोडतात.

कड्याच्या प्रश्नाला खरी कलाटणी मिळते ती इब्न बतूतामुळे. १३४२मध्ये चीनच्या वकिलातीवर निघालेला हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादवरून गेला. शहराचे त्याने तीन भाग सांगितले आहेत: सुलतानाचे दौलताबाद, जुने कटक आणि गडावरची देवगिरी. गडाबद्दल तो सांगतो की सपाटीतल्या एका खडकाला तासून त्याच्या माथ्यावर किल्ला बांधला आहे आणि वर जायला चामड्याची शिडी आहे, ती रात्री वर ओढून घेतात. गडाच्या अंधारकोठडीतल्या मांजरांपेक्षा मोठ्या उंदरांचेही वर्णन त्याने केले आहे. तिथे कैदेत पडलेल्या एका सरदाराने त्याला ती हकीकत सांगितली होती. उंदरांची गोष्ट सगळे सांगतात. शिडीकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि माझ्या मते सगळा प्रश्न त्या शिडीत आहे.

एक तर १३४२पर्यंत कडा तासून झालेला होता, हे यातून पक्के होते. म्हणजे बहमनी किंवा निजामशाही काळाला त्याचे श्रेय देता येत नाही. राहिले यादव आणि तुघलक. उत्तरकालीन फार्सी परंपरा खंदक तुघलकाच्या नावावर घालते. स्थानिक परंपरा सगळेच यादवांचे मानते. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. बतूता शिडीचे सांगतो, पण डोंगराच्या पोटातल्या काळोख्या वाटेचे नाव घेत नाही. अशी वाट त्या काळी गडावर जायचा राजमार्ग असती, तर असल्या गोष्टींची आवड असलेल्या त्या माणसाने ती सोडली नसती. याउलट शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी १६३३च्या वेढ्याच्या निमित्ताने गडाचे वर्णन करतो तेव्हा अंधारी पूर्ण रूपात आहे. मिनाराच्या जिन्यासारखी वर चढणारी काळोखी वाट, भरदिवसाही दिवा लागतो, पायऱ्या खडकात कोरलेल्या, खाली लोखंडी दरवाजा आणि वाट तप्त करून अडवायला मोठी लोखंडी शेगडी. खंदक चाळीस गज रुंद आणि तीस गज खोल, असे तो मोजून सांगतो. कडा इतका सफाईने तासलेला की साप किंवा मुंगी कष्टानेच चढेल, असा त्याचा अभिप्राय आहे.

या दोन साक्षींच्या मध्ये तीनशे वर्षे आहेत. माझा कयास असा की डोंगराच्या पोटातली जुनी लेणी आणि कोठ्या एकमेकांना जोडून, त्यांना वळणे देऊन, अंधारीचे आजचे रूप या मधल्या काळात साकारले. अंधारीत शिरले की या कयासाला बळ मिळते. वाट एका मापाची नाही. कुठे लेण्यासारखे प्रशस्त दालन लागते, कुठे वाट अंग चोरून जावे इतकी आकसते, कुठे उजेडाचा झरोका एकदम डोळ्यांवर येतो आणि पुन्हा काळोख. भिंतींवर छिन्नीच्या खुणा आहेत. संपूर्ण वाट एका दमात आखून कोरली असती तर ती इतकी अनियमित झाली नसती. ही अनियमितता शत्रूला गोंधळात टाकण्यासाठी मुद्दाम ठेवली, असे गाइड सांगतात. बचावासाठी तिचा उपयोग झाला हे खरे, पण तिचे मूळ जुन्या खोदकामात असावे.

मग यादवांनी काय केले? मला असे वाटते की यादवांनी हा डोंगर निवडला, त्याच्या पोटात कोरीव दालने होती, आणि कड्याचा काही भाग कदाचित त्यांच्याच काळात तासायला सुरुवात झाली. पण १२९६च्या पराभवाचा धडा घेऊन डोंगर पुरता वेगळा काढण्याचे आणि भोवती शहराचा तट बांधण्याचे प्रचंड काम, मजूर आणि पैसा हातात असलेल्या तुघलक राजवटीने पुरे केले. हे मत काही मंडळींना रुचणार नाही. कडा यादवांनी तासला म्हटले की अभिमान वाटतो, आणि तुघलकाने म्हटले की तो कमी झाल्यासारखे वाटते. पण तासणारे हात वेरूळच्या परंपरेतले, याच मातीतले असणार. हुकूम कोणाचा यापेक्षा ते हात कोणाचे हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

या वादाला जमिनीतून उत्तर शोधण्याचा मोठा प्रयत्न गेल्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. पुरातत्त्वज्ञ म. श्री. माटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दौलताबादेत उत्खनन केले आणि १९८३मध्ये माट्यांनी एका इंग्रजी निबंधात या शहराला भारतातल्या इस्लामी पुरातत्त्वाची वाट म्हटले. मध्ययुगीन शहराचे उत्खनन हीच आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट. राजे आणि लढाया यांच्या पलीकडे जाऊन पाणी, रस्ते, बाजार, घरे यांतून शहर समजून घ्यायचे, ही त्यांची दिशा होती. आज दौलताबादचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही त्यांच्यापासून सुरुवात करावी लागते. त्यांच्या कामाला मराठी वाचकांत जेवढा मान मिळायला हवा होता तेवढा मिळालेला नाही.

पाण्याबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. एवढे मोठे शहर, शिवाय वेढ्याची कायम भीती, आणि मराठवाड्याचा पाऊस. उत्तरेकडच्या डोंगरांतून येणारे पाणी अडवून ते मातीच्या भाजलेल्या नळांनी शहरात आणि किल्ल्यात आणले होते. तुघलकाचा सुभेदार कुतलुग खान याच्या नावाचा हौज शहराच्या उत्तरेला होता. महाकोटात शिरल्यावर सरस्वती विहीर लागते, आणि थोडे पुढे हत्ती हौद. हा हौद पाहिल्यावर त्याचे नाव का पडले ते सांगावे लागत नाही. पायऱ्या उतरून तळाशी उभे राहिले की भिंती माणसाच्या कितीतरी वर जातात. बुरूज आणि तोफा पाहून लोक पुढे जातात, पण वेढ्यात किल्ला तगणार की नाही हे ठरायचे ते या हौदावर आणि धान्याच्या कोठारावर. १३व्या शतकात जे चुकले ते पुन्हा होऊ नये म्हणून कोणीतरी इथे भरपूर विचार केला होता.

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो. १३४५मध्ये दख्खनच्या अमिरांनी बंड केले, तुघलकाने स्वतः येऊन वेढा दिला, पण गुजरातेत दुसरे बंड उठल्यावर त्याला वेढा सोडून जावे लागले. ऑगस्ट १३४७मध्ये महाकोटातल्या जामी मशिदीत हसन गंगू बहमनीला गादीवर बसवले गेले. त्याने लगेच राजधानी गुलबर्ग्याला नेली. बहमनींची इथली सगळ्यांत लक्षणीय खूण म्हणजे चांदमिनार. तो बांधणारा सुलतान अलाउद्दीन असे म्हटले जाते आणि त्यावरून घोटाळा होतो. मिनार १४४५च्या सुमाराचा, म्हणजे बहमनी संस्थापक अलाउद्दीन हसनचा नव्हे, तर त्याच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी राज्य करणाऱ्या दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशाहाच्या काळातला. मिनाराला विजयस्तंभ म्हणावे की मशिदीचा अजानमिनार, याबद्दल मतभेद आहेत. पायथ्याशी छोटी मशीद आहे, हे लक्षात घेतले तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पंधराव्या शतकापासून तोफा आल्या आणि दख्खनच्या सगळ्याच किल्ल्यांना नवे कपडे शिवावे लागले. महाकोटाच्या दरवाजांपाशी तो बदल नीट पाहता येतो. एका दरवाजातून आत आले की पुढचा दरवाजा समोर नसतो, वळावे लागते, आणि मध्ये भिंतींनी घेरलेले रणमंडळ लागते. हल्ला करणारा आत शिरला तरी चहूबाजूंच्या तटावरून त्याच्यावर मारा होतो. दाराच्या फळ्यांना हत्तींना अडवणारे अणकुचीदार खिळे आहेत. कोटाचे बुरूज गोल आणि भक्कम, तोफ फिरवता येईल असे. काळाकोटाजवळच्या उंच बुरुजावर मेंढ्याचे तोंड असलेली प्रसिद्ध तोफ आहे. तिच्यावर औरंगजेबाचे नाव आणि किल्ला फोडणारी या अर्थाचे किलाशिकन हे तिचे नाव कोरले आहे. बुरुजाच्या मधोमध खुंटीवर ती चौफेर फिरवता येत असे.

निजामशाहीने १४९९मध्ये हा किल्ला घेतला तोही मुख्यतः वाटाघाटीने. या काळातली मराठी मनाला सगळ्यांत जवळची गोष्ट किल्लेदाराची आहे. चाळीसगावचे जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. लहान वयातले एकनाथ पैठणहून त्यांच्याकडे आले आणि वर्षानुवर्षे गडावर राहून शिकले. हिशेबातली पै शोधत रात्र जागणाऱ्या नाथांची गोष्ट आपण ऐकलेली असते, ती याच गडावरची. फार्सी दफ्तर, मुसलमान अधिकारी, दरवेशी, व्यापारी यांच्या या गडावर एकनाथांचे घडणे झाले, ही गोष्ट त्यांच्या भारुडांकडे आणि हिंदु-तुर्क संवादाकडे पाहताना मला फार मोलाची वाटते. इथली बहुभाषिक हवा त्यांच्या कानात मुरली असणार. स्वामींची समाधी गडावरच आहे, आणि तिथे येणारे वारकरी अंधारी चढून वर जातात.

१६०० साली अहमदनगर पडल्यावर निजामशाही राखण्याचे काम मलिक अंबरने केले आणि दौलताबाद तिची राजधानी झाली. १६१०मध्ये त्याने जवळच खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. अंबरकोट त्याच्याच नावाने ओळखला जातो. मलिक अंबर १६२६मध्ये गेला आणि तीन वर्षांनी, २५ जुलै १६२९ रोजी, निजामशाहाने दरबारात बोलावलेल्या लखुजी जाधवांची मुलांसह आणि नातवासह हत्या झाली. जिजाबाईंचे वडील ते. सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत. तीनशे वर्षांनी त्याच गडावर त्या घराण्याचे रक्त सांडले, आणि ते परक्याने नव्हे, धन्याने सांडले.

त्यानंतर चारच वर्षांनी १६३३चा वेढा. मोगल सरदार महाबत खानाने मार्च ते जून असे सुमारे साडेतीन महिने किल्ला कोंडला. आत मलिक अंबरचा मुलगा फतेह खान होता. विजापूरकरांनी, त्यांत शहाजीराजेही होते, बाहेरून रसद पोचवायचा प्रयत्न केला, पण तो फसला. सुरुंग लावून आधी अंबरकोट फोडला गेला, मग महाकोट. आत उपासमार आणि साथ. काळाकोट मात्र फोडावाच लागला नाही. फतेह खानाने तहाची बोलणी केली, मोगलांकडून साडेदहा लाख रुपये घेतले आणि किल्ला खाली केला. निजामशाहीचा बालराजा ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला.

१२९६ आणि १६३३ शेजारी ठेवून पाहिले की या किल्ल्याचे गुपित हाती लागते. तासलेला कडा, खंदक आणि अंधारी यांनी आपले काम चोख केले. त्या कड्यावर चढून कोणी गड घेतल्याचे उदाहरण या दोन वेढ्यांत नाही, मधल्या १३४५च्या वेढ्यातही नाही. किल्ला जायचा तो धान्य संपल्यावर, आतल्या माणसांची मने फुटल्यावर किंवा पैसे पोचल्यावर. रक्षणकर्त्यांनी दगडावर जेवढे कष्ट घेतले त्याच्या थोड्या अंशाने जरी गडाबाहेरच्या मैत्रीवर घेतले असते, तर निजामशाहीचा शेवट वेगळा झाला असता.

हे शिवाजी महाराजांना पुरते उमगले होते. बखरकार कृष्णाजी अनंत सभासद सांगतो की रायगड पाहिल्यावर महाराजांनी त्याची तुलना दौलताबादशी केली. दौलताबाद उत्तम गड खरा, पण उंचीने कमी, आणि हा त्याहून कितीतरी उंच, म्हणून तख्ताला हाच योग्य, असा त्यांचा निवाडा. गडाची परीक्षा करायला मोजपट्टी म्हणून त्यांच्या मनात देवगिरीच होती. शिवाय त्यांनी सगळे एकाच अभेद्य गडावर न ठेवता शेकडो गडांचे जाळे विणले. एक गड पडला तरी राज्य उभे राहील अशी ती रचना. तिच्यामागे देवगिरीचे नशीब पाहिलेल्या माणसांचे शहाणपण असणार, कारण शहाजीराजांनी १६३३ स्वतः पाहिले होते.

मोगलांच्या काळात किल्ला बहुतांशी तुरुंग आणि विश्रांतीची जागा झाला. वरची बारादरी १६३६मध्ये शाहजहान इथे आला त्या काळाशी जोडली जाते. तिथल्या गवाक्षातून खालचा सगळा मुलूख नजरेत येतो. निळ्या चकाकत्या फरशांच्या तुकड्यांमुळे चिनी महाल म्हणवला जाणारा निजामशाही महाल पुढे गोवळकोंड्याच्या अबुल हसन तानाशाहाचा बंदिवास ठरला. १६८७मध्ये गोवळकोंडा पडल्यावर त्याला इथे आणले आणि तो अखेरपर्यंत इथेच राहिला. १७२४नंतर किल्ला आसफजाही निजामाकडे गेला. उदगीरच्या १७६०च्या तहात तो पेशव्यांना मिळाला, पानिपतानंतर हातचा गेला, खर्ड्यानंतरच्या १७९५च्या तहात पुन्हा मिळाला आणि पुन्हा गेला. मराठ्यांना इथे काही बांधायला सवडच मिळाली नाही.

आता प्रश्न उरतो पुढच्या अभ्यासाचा. कडा आणि अंधारी यांचा मापे घेऊन केलेला, छिन्नीच्या खुणांची वेरूळच्या तारीख असलेल्या कामांशी तुलना करणारा पाहणी-अहवाल हे पहिले काम. पार्श्वनाथाच्या मूर्तीसारखे ठरीव सालाचे काम जवळच असताना ही तुलना करणे शक्य आहे. दुसरे काम अंबरकोटाचे. तिथल्या शेतांखाली तुघलकांचे, बहमनींचे आणि निजामशाहीचे शहर आहे. नळ, विहिरी, रस्त्यांच्या कडा अजून वर येतात. बांधकामे वाढत आहेत आणि एकदा पाया खणला की पुरावा कायमचा गेला. दिल्ली दरवाजातून जाणारी वाहतूक दुसरीकडून वळवायला हवी, कारण ट्रकांची घसट आणि हादरे बसणाऱ्या कमानीला आणखी किती वर्षे हे सोसेल, याचा विचार आधी करायचा असतो. तिसरे काम भाषेचे. यादवांचे मराठी शिलालेख, लीळाचरित्रातले उल्लेख, इसामी आणि बरनी, बतूता आणि लाहोरी, सभासद आणि पेशवे दफ्तर हे सगळे एकाच टेबलावर ठेवून किल्ल्याचा प्रत्येक भाग कोणत्या साक्षीत प्रथम येतो, याची मराठीत एक सूची व्हावी. शिडी १३४२च्या साक्षीत आणि अंधारी १६३३च्या, एवढी एक जोडी शेजारी ठेवली तरी किती कळले ते वर आलेच. तशा आणखी वीस जोड्या लागल्या, तर कडा कोणी तासला याचे उत्तर अंदाजाने द्यायची वेळ राहणार नाही.